तांब्याची साक्ष

गेल्या वर्षी जून महिन्यात एका संध्याकाळी ॲरिझोनाहून माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडे तेव्हा नुकते उजाडले असणार. "मामा, तुझ्या मापांच्या नादातला एक प्रश्न आहे," तो म्हणाला, "आणि थोडा घाबरलोय."

भाचा तिथे वर्षातून एकदा परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो, एरवी सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर. काडतुसे तो घरीच भरतो. आपल्याकडे हे ऐकून माणूस दचकेल, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो आणि घरच्या टेबलावर काडतुसे भरण्याची रीत इथे नाही. तिकडे मात्र तो जुना आणि सर्रास छंद आहे. गोळी सुटून गेली की मागे राहते ती पितळेची पुंगळी, आणि काडतुसात सर्वांत महाग तीच असते. ती जपून ठेवायची, बुडाची वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मापात आणायची, दारू तोलून भरायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. कोणत्या बंदुकीला, कोणत्या वजनाच्या गोळीला, कोणती दारू किती, याची जाड पुस्तके मिळतात. दारूचे प्रमाण आणि त्यातून होणारा दाब असे रकाने त्यांत असतात.

भाच्याकडे अशी दोन पुस्तके होती. एक नवे, एक कुणाच्या तरी घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलेले, पन्नासेक वर्षांपूर्वीचे. त्याची बंदूक 'थर्टी-ऑट-सिक्स' या काडतुसाची. अमेरिकन सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले आणि अजून शिकाऱ्यांच्या हातात असलेले हे काडतूस. जुन्या पुस्तकात त्याची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ५०,००० पौंड अशी छापलेली, नव्यात ६०,०००. भाच्याने जो हिशेब केला तो कोणीही केला असता. जुने लोक जपून वागत. त्यांची कमाल म्हणजे आपल्या कमालीपेक्षा दहा हजारांनी कमी. तेव्हा जुन्या पुस्तकातल्या कमाल प्रमाणापुढे थोडी दारू वाढवली तरी आपण मर्यादेच्या आतच. त्याने पन्नास काडतुसे भरली. तीन झाडली. तिसऱ्यानंतर बोल्टची मूठ हाताने उचलेना, तळहाताने ठोकावी लागली. बाहेर आलेल्या पुंगळीच्या बुडाची टोपी सपाट झाली होती, तिच्या गोल कडा नाहीशा झाल्या होत्या. चौथे काडतूस त्याने घातले नाही, ही त्याची अक्कल आणि आमचे नशीब.

त्याचा प्रश्न असा होता : "बंदूक तीच, काडतूस तेच. मग मर्यादा दहा हजारांनी वाढली कशी? पोलाद सुधारलं का?"

मी तीस वर्षे पुण्यात वजनकाटे दुरुस्त करतो. शाळा दहावीपर्यंत, पुढचे जे काही ते काट्यांनी आणि रद्दीतल्या पुस्तकांनी शिकवले. बंदूक मी कधी हातात धरलेली नाही. पण एकाच वस्तूची दोन मापे वेगळी आली तर वस्तू बदलली असे समजण्याआधी काटा बदलला का हे पाहायचे, एवढे या धंद्यात पहिल्या महिन्यात कळते. आमच्याकडे याचे घरगुती उदाहरण पावशेराचे. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर २३३ ग्रॅमचा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला, शेराची वजने हद्दपार झाली, पण मंडईत आजही बायका पावशेर भाजी मागतात आणि भाजीवाला २५० ग्रॅम तोलतो. शब्द तोच, आतली वस्तू दुसरी. भाच्याच्या दोन पुस्तकांत असेच काही असणार अशी माझी खात्री झाली. ते 'काही' नेमके काय, हे शोधण्यात पुढचे वर्ष गेले.

आधी आकड्यांची कल्पना यावी म्हणून सांगतो. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी उडते तेव्हा आतला जादा दाब दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड असतो. ६०,००० म्हणजे त्याच्या चार हजार पट. जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचा जो दाब असतो त्याच्या जवळजवळ चौपट. आणि हा दाब चढून उतरायला एक-दीड सहस्रांश सेकंद लागतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ जातो. नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर, पितळेच्या पातळ पुंगळीत आणि पोलादाच्या भिंतीत हे सगळे घडते. तिथे काटा लावायचा कसा?

अठराव्या शतकात हा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तरांतली तफावत पाहण्यासारखी होती. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या आपल्या ग्रंथात बंदुकीच्या दारूचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपट धरला. पुढे काउंट रम्फर्डने केलेला अंदाज लाखपटीच्या घरात गेला. दोघेही मोठे लोक, आणि दोघांत शंभरपटीचा फरक. रम्फर्डची रीत मला मात्र फार आवडली, कारण तो सरळ सरळ तराजूच आहे. १७९२-९३ साली म्युनिकमध्ये त्याने पाव इंच भोकाची लहानशी जाड लोखंडी नळी उभी केली, तिच्या तोंडावर झाकण ठेवले आणि झाकणावर वजन म्हणून चक्क २४ पौंडी तोफ उभी केली. आठ हजार पौंडांहून जास्त वजनाची. आत थोडी दारू, खालून तापवून पेटवायची. तोफ उचलली गेली नाही तर दारू वाढवायची. किंचित उचलली गेली की एका पारड्यात धूर आणि दुसऱ्यात तोफ समतोल झाली. एकदा नळीच फुटली, आणि लोखंडाच्या ताकदीवरून उलटा हिशेब करून त्याने आतला दाब हवेच्या दाबाच्या पन्नास हजार पटींहून जास्त सांगितला. तो हिशेब चुकलेला होता, पण कल्पना निर्मळ होती.

अडचण अशी, की तोफेखाली नळी ठेवता येते, नेमबाजाच्या हातातल्या बंदुकीवर तोफ ठेवता येत नाही. अमेरिकन सैन्यातला टॉमस रॉडमन याने १८६० च्या सुमारास वेगळी वाट काढली. तोफेच्या भिंतीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवला, दट्ट्याच्या टोकाला सुरीसारखी धार, धारेपुढे तांब्याची पट्टी. बार उडाला की धार तांब्यात रुतते. व्रण जितका लांब तितका दाब मोठा. त्याच दशकात न्यूकॅसलजवळच्या एल्झविक इथल्या आर्मस्ट्राँगच्या तोफखान्यात अँड्र्यू नोबलने धार काढून टाकली आणि पट्टीच्या जागी तांब्याची छोटी भरीव कांडी उभी केली. दट्ट्या एका बाजूने, पक्का ठोकळा दुसऱ्या बाजूने, मधे कांडी. बार उडाला की कांडी चेपते, पोट सुटल्यासारखी मधे फुगते. ती बाहेर काढून मायक्रोमीटरने लांबी मोजायची. हाच क्रशर गेज. नोबलने रसायनज्ञ फ्रेडरिक एबलला बरोबर घेऊन बंद पोलादी भांड्यांत दारू पेटवली आणि १८७५ साली दोघांनी निकाल छापले : भांडे दारूने पूर्ण भरलेले असेल तर हवेच्या दाबाच्या सुमारे ६,४०० पट. हजार आणि लाख यांच्यातला शतकभराचा वाद बोटाच्या पेराएवढ्या तांब्याने मिटवला.

अशी एक कांडी माझ्याकडे आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी, स्क्रू-नटांच्या डब्यात सापडली. विकणाऱ्याला ती काय आहे हे माहीत नव्हते. तांब्याच्या भावाने त्याने ती तोलून दिली. दोन्ही टोके सपाट आणि गुळगुळीत, पोट फुगलेले, बारक्या पखवाजासारखी. पुढे एका निवृत्त कारागिराने ती हातात घेतली, नखाने टोक खरवडले आणि म्हणाला, "ही मार खाल्लेली आहे." तिची लांबी मी मोजली. दहा वेळा मोजली. तिने किती दाब सोसला हे मात्र मला सांगता येत नाही, आणि का सांगता येत नाही ते सांगितल्याशिवाय भाच्याला उत्तर देता येणार नाही.

तांब्याची कांडी स्वतः काही आकडा बोलत नाही. तिच्याबरोबर एक तक्ता लागतो. कारखान्यात कांड्यांची एक खेप तयार झाली की तिच्यातल्या काही कांड्या दाबयंत्राखाली ठेवतात, ठरावीक भार सावकाश चढवतात, आणि कोणत्या भाराला कांडी किती आखूड झाली याची नोंद करतात. त्या खेपेपुरता तो तक्ता. मग त्याच खेपेतली कांडी बंदुकीला लावायची, एकदाच वापरायची, आखूडपणा मोजायचा आणि तक्त्यात समोरचा भार वाचायचा. तक्त्यावर भार पौंडांत, दट्ट्याचे क्षेत्रफळ चौरस इंचात. म्हणून निकाल 'दर चौरस इंचाला इतके पौंड' असा लिहिला जाई. शंभर वर्षे तो तसाच लिहिला गेला, पुस्तकांत छापला गेला, सैन्याच्या पुस्तिकांत उतरला.

आता गोम पाहा. तक्ता तयार झाला सावकाश चढवलेल्या भारावर. बंदुकीत भार येतो सहस्रांश सेकंदात. तांबे दोन्ही ठिकाणी सारखे वागते का?

मासळीबाजारात कोळीण स्प्रिंगच्या काट्याच्या ताटात पापलेट ठेवत नाही, टाकते. काटा आधी खऱ्या वजनाच्या पुढे धावतो, मग मागे येऊन स्थिरावतो. समजा तो काटा मागे येऊच शकत नसता, जिथवर गेला तिथेच अडकला असता, तर गिऱ्हाईक प्रत्येक वेळी बुडाले असते. तांब्याची कांडी हा असा मागे न येणारा काटा आहे. दाब झटक्याने आला तर दट्ट्याला वेग येतो आणि तो वेगाच्या भरात कांडीला जरुरीपेक्षा जास्त चेपतो. फ्रान्समध्ये एमिल सारो आणि पॉल व्हिएय (धूररहित दारू तयार करणारा तोच) यांनी १८८० च्या दशकातच हा दोष अभ्यासला होता. पण उलट दिशेचाही एक दोष आहे. धातू झपाट्याने चेपायला गेले तर ते सावकाश चेपताना असते त्यापेक्षा जास्त ताठर वागते. आणि दाब इतका थोडा वेळ टिकतो की कांडी पुरती बसायच्या आत तो ओसरू लागतो. रायफलच्या मोठ्या दाबांत हा दुसरा दोष वरचढ ठरतो. म्हणजे कांडी सहसा खऱ्या दाबापेक्षा कमी सांगते. किती कमी, ते दाब किती झपाट्याने चढला, किती वेळ टिकला, दट्ट्या केवढा, पुंगळी केवढी, यावर अवलंबून.

नोबलच्या पिढीला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्यासमोर दुसरा काटा नव्हता. शिवाय मला वाटते, रोजच्या कामाला त्यांना खरा दाब लागतही नव्हता. कालच्या दारूपेक्षा आजची दारू कडक आहे की मऊ, एवढे कळले की कारखाना चालतो. तुलनेसाठी खोटा काटाही चालतो, फक्त तो रोज सारखाच खोटा असला पाहिजे.

इंग्रजांनी तर कांडी लावण्याची जागाच निराळी ठेवली होती. अमेरिकेत दट्ट्या नळीच्या कुशीत. ब्रिटिश रीतीत कांडी काडतुसाच्या बुडामागे. पुंगळीला तेल लावायचे, म्हणजे ती भिंतीला न चिकटता मागे सरकते आणि तांब्यावर बसते. निकाल टनांत. १८६९ पासून पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या 'थ्री-नॉट-थ्री' काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरे ठोकलेली असत. त्या काडतुसाचा दाब ब्रिटिश पद्धतीने चौरस इंचाला अठरा-एकोणीस टनांच्या आसपास, म्हणजे ४१-४२ हजार पौंड. अमेरिकन तांबे त्याच जातीच्या काडतुसाला ४५,००० ची मर्यादा घालते, आणि आजचे विजेचे मापन ४९,००० ची. तीन देशांतल्या तीन कंपन्यांची गोष्ट आहे असे वाटावे. आहे एकच काडतूस.

विजेच्या मापनाची सुरुवात १८८० ची. पिएर क्यूरी आणि त्याचा थोरला भाऊ झाक यांनी दाखवले की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला तर त्याच्या पृष्ठावर विद्युतभार येतो. दाब दुप्पट, भार दुप्पट. पण तो भार इतका क्षीण की तो धरून ठेवून मोजण्याची साधने यायला दोन महायुद्धे जावी लागली. १९५० मध्ये स्वित्झर्लंडच्या वॉल्टर किस्लरने हा क्षीण भार वापरण्याजोगा करणाऱ्या प्रवर्धकाचे पेटंट घेतले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काडतुसांच्या प्रयोगशाळांत स्फटिक आला. स्फटिकाला तांब्यासारखे चेपावे लागत नाही, म्हणून तो मागे पडत नाही. आणि तो फक्त शेवटचा निकाल न सांगता दाब कसा चढला, कुठे टेकला, कसा उतरला याची संपूर्ण रेघ काढून देतो. तांबे हा एकाच प्रश्नाचे उत्तर देणारा साक्षीदार; स्फटिक सुरुवातीपासून सगळे सांगणारा. (एक गोष्ट मला सुखावून गेली. हा स्फटिकही शेवटी कशावर पारखतात, तर तेलाने भरलेल्या नळीतल्या दट्ट्यावर मोजकी वजने ठेवून. आमचा धंदा बुडालेला नाही.)

स्फटिकाने जुनीच काडतुसे मोजली तेव्हा आकडे बदलले. अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली दारूगोळा उत्पादकांची संस्था आहे, सामी या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी. मर्यादा तीच ठरवते. तिच्यापुढे पेच पडला : आता 'दर चौरस इंचाला पौंड' म्हणायचे कशाला? मग स्फटिकाच्या आकड्याला ते नाव राहिले आणि तांब्याच्या आकड्याला नवे नाव दिले गेले : 'तांबे-एकक'. थर्टी-ऑट-सिक्सची मर्यादा तांबे-एककांत ५०,०००, स्फटिकाच्या पौंडांत ६०,०००. पोलाद सुधारले नव्हते, मर्यादा वाढली नव्हती. भाच्याच्या जुन्या पुस्तकातले ५०,००० म्हणजेच नव्या पुस्तकातले ६०,०००. ज्याला तो मोकळी जागा समजला होता तिथे भिंत होती.

हे मी त्याला फोनवर सांगितले तेव्हा त्याने लगेच दुसरा प्रश्न केला. "मग सोपं आहे. तांब्याच्या आकड्याला सव्वाने नाहीतर एकूणविसाने, कशाने तरी गुणायचं, की झालं." शेराचे किलो करताना आपण हेच केले, म्हणून मलाही आधी तसेच वाटले होते. पण इथे ते चालत नाही, आणि या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच. सामीच्या मर्यादांची यादी पाहा. 'टू-सेव्हंटी विंचेस्टर' : तांब्याने ५२,०००, स्फटिकाने ६५,०००. 'थ्री-नॉट-एट विंचेस्टर' : तांब्याने तेच ५२,०००, स्फटिकाने ६२,०००. 'टू-फॉर्टी-थ्री' : ५२,००० आणि ६०,०००. 'टू-ट्वेंटी-थ्री रेमिंग्टन' : पुन्हा ५२,०००, आणि स्फटिकाने ५५,०००. तांब्याच्या दृष्टीने चौघी एका वजनाच्या. स्फटिकाच्या दृष्टीने पहिलीत आणि चौथीत दहा हजारांचा फरक. आणि 'फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी' हे एकोणिसाव्या शतकातले जाडजूड, मंद काडतूस घेतले तर दोन्ही आकडे २८,०००, फरकच नाही. कमी दाबात तांबे खरे बोलते, जास्त दाबात ते प्रत्येकीशी वेगळे खोटे बोलते. सरासरी काढून सरळ रेषेचे सूत्र मांडता येते, कुणी कुणी ते मांडलेही आहे. पण सरासरी सूत्र म्हणजे दहा दुकानदारांचे काटे तपासून 'एकंदरीत बाजार तीन टक्के मारतो' असा दाखला देण्यासारखे. आपल्या दुकानदाराने किती मारले ते त्यातून कळत नाही, आणि बंदूक प्रत्येकाची आपली असते.

स्फटिक आला म्हणून सगळे एकमताने बोलू लागले असेही नाही. युरोपात १९१४ पासून चालत आलेले एक आंतरराष्ट्रीय मंडळ बंदुका-काडतुसांची मापे ठरवते. त्यांच्या रीतीत पुंगळीलाच भोक पाडतात आणि वायू थेट स्फटिकावर घेतात. सामीच्या रीतीत भोक नाही. दट्ट्याचे टोक चेंबरच्या गोलाईत बसेल असे घडवतात आणि पुंगळीच्या भिंतीतून दाब घेतात. नाटोची रीत पुंगळीच्या तोंडाशी मोजण्याची. म्हणून 'टू-ट्वेंटी-थ्री'ची मर्यादा अमेरिकेत ५५,००० पौंड आणि युरोपात ४,३०० बार, म्हणजे सुमारे ६२,०००. हे वाचून कुणी म्हणाले की युरोपियन लोक जास्त धाडसी, तर तो भाच्याचीच चूक भाच्याच्या उलट दिशेने करतो.

या चुकीची एक भारतीय शाखा आहे. १९६२ च्या युद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने जुन्या ली-एनफिल्डच्या आराखड्यात सुधारित पोलाद घालून ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाची रायफल तयार केली. पुढे यांतल्या बऱ्याच रायफली अमेरिकेच्या बाजारात जुन्या माल म्हणून गेल्या. तिथे वाद पेटला : या बंदुकीत नागरी 'थ्री-नॉट-एट' झाडायचे की नाही? बाहेरून दोन्ही काडतुसे जवळजवळ जुळी. पण अमेरिकन सैन्याच्या पुस्तिकेत नाटो काडतुसाचा दाब ५०,००० पौंड असा छापलेला, आणि नागरी काडतुसाची मर्यादा ६२,०००. बारा हजारांचा फरक! इशापूरची बंदूक फुटेल, म्हणून सांगणारे सांगत सुटले. सैन्याचे ते ५०,००० तांब्याचे होते, फक्त जुन्या सवयीने पौंड म्हणून छापले गेलेले. नाटोची स्फटिकाची मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे ६०,००० पौंडांच्या थोडी वर. बारा हजारांतले दहा हजार असे नुसते नावातले निघाले. पुंगळीची जाडी, चेंबरची मापे यांत दोघांचे खरे फरक आहेत, आणि साठ वर्षे वापरलेली बंदूक तज्ज्ञाला दाखवूनच झाडावी हेही खरे. पण ज्या आकड्यावर बोट ठेवून वाद चालला होता तो आकडा फरक नव्हताच.

आता भाच्यासारखा माणूस, ज्याच्याकडे ना तांबे ना स्फटिक, त्याने काय करायचे? जुने लोक पुंगळीचे तोंड वाचतात. टोपी सपाट झाली का, बुडावर चकचकीत ठसा उमटला का, बोल्ट जड गेला का, पुंगळीचे बूड मायक्रोमीटरला किती फुगलेले दिसते. ही लक्षणे खोटी नाहीत, पण ती उशिरा येतात. पितळ वाहू लागले याचा अर्थ दाब मर्यादेपर्यंत पोचला असा नाही, बहुधा ती ओलांडून गेला असा आहे. आणि टोपी मऊ धातूची असेल तर ती निष्कारणही सपाट होते. ताप मोजायला थर्मामीटर नसेल तर कपाळावर हात ठेवतात, तसे हे. पण इथे तापाची पहिली खूण भ्रम होण्याची.

त्याहून बरा साक्षीदार वेग. गोळीचा वेग मोजणारे यंत्र आता स्वस्तात मिळते. वेग हा दाबाच्या त्या संपूर्ण रेघेची मेहनत असतो आणि धोका असतो रेघेच्या शिखरात, त्यामुळे वेगावरून शिखर नेमके कळत नाही. पण पुस्तकातल्या कमाल प्रमाणाला जो वेग दिला आहे त्यापेक्षा जास्त वेग येत असेल तर तो फुकट आलेला नाही, त्याची किंमत दाबात दिलेली आहे, एवढे धरून चालता येते. भाच्याने त्या तीन बारांचा वेग मोजलाच नव्हता. शिवाय जून, ॲरिझोना, आणि काडतुसांचा डबा गाडीत ठेवलेला. तापलेली दारू जास्त झपाट्याने जळते. थंडीत भरलेले आणि थंडीत सुरळीत चाललेले काडतूस उन्हाळ्यात वेगळे वागते.

नळीच्या बाहेरून चिकटवायची एक पट्टीही निघाली आहे. १९३८ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही ताण मोजणारी पट्टी. आजच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटात तीच असते, माझ्या टेबलावर रोज पडते. बार उडाला की पोलादाची नळीही केसापेक्षा कितीतरी कमी, पण फुगते. पट्टीची विद्युतरोधकता बदलते आणि दाबाची रेघ मिळते. भाचा ती घ्यायला निघाला होता. मी म्हटले, घे, पण आपल्या काट्यावर अवघड ग्राहक म्हणून विश्वास ठेव. भोवतीच्या पोलादाची जाडी, पुंगळीने खाल्लेला दाब, चिकटवण्याची जागा, सगळे गृहीत धरावे लागते. तुझ्या दोन भरतींतला फरक ती नीट सांगेल. 'इतके हजार पौंड' हा आकडा मात्र, ज्याचा दाब प्रयोगशाळेत मोजलेला आहे अशा काडतुसाशी जुळवून घेतल्याशिवाय पुस्तकाशेजारी मांडू नकोस.

"आणि उरलेली सत्तेचाळीस?" मी विचारले.

ती त्याने एका सुटीत उकलली. हातोडीसारख्या दिसणाऱ्या पोकळ अवजारात काडतूस उलटे अडकवून आपटायचे, की गोळी सुटून आत पडते. एकेक करून सत्तेचाळीस वेळा. दारू अंगणातल्या गवतात पसरली, गोळ्या आणि पुंगळ्या ठेवल्या. तीन झाडलेल्या पुंगळ्या मात्र फेकल्या. बंदूक दुकानात दाखवली, ती ठीक होती. नंतर त्याने आपल्या भरतीच्या वहीचा फोटो पाठवला. दाबाच्या रकान्याशेजारी पट्टीने एक नवा रकाना आखला आहे : कशाने मोजला. जुन्या पुस्तकातून उतरवलेल्या प्रत्येक ओळीपुढे त्याने, कुणा अमेरिकन मित्राला वाचता येणार नाही याची फिकीर न करता, देवनागरीत लिहिले आहे : तांबे.